शेवटची दहा मिनिटं

काल दुपारी टीव्हीवर तो यंत्रमानवांचा सिनेमा लागला. कॉलेजात असताना त्याने आम्हाला पार वेड लावलं होतं. तसं काही कुणी पाहिलंच नव्हतं. तालुक्याच्या टॉकीजला मी तो चार वेळा पाहिला, पण शेवट एकदाही नाही. तीनचा खेळ सहाला सुटायचा आणि आमच्या गावाची शेवटची एसटीही सहालाच. नायक यंत्रांच्या किल्ल्यात शिरला, मागे पोलादी दार बंद झालं, की आमच्या गावची अख्खी रांग उठायची. राहिलेला शेवट आम्ही एसटीत भांडत भांडत ठरवायचो.

काल ते यंत्रमानव पत्र्याच्या डब्यांसारखे दिसले. हसूच आलं. पण ते दार बंद झालं आणि मी उठलो. भानावर आलो तेव्हा उंबऱ्याशी चपलेत पाय घालत होतो.

"कुठे निघालात?" बायकोने विचारलं. "संपायचाय अजून."

खरंच, कुठे निघालो होतो? मी असाच निघतो. मैफलीतून, भांडणातून, सगळं पुरतं व्हायच्या आधी. दवाखान्यात अण्णा माझा हात धरून काही सांगू लागले, तेव्हाही मी घड्याळ पाहिलं होतं. "सकाळी येतो अण्णा, गाडी जाईल." सकाळी गेलो, तर वडिलांची खाट रिकामी होती.

मी तसाच परत येऊन बसलो. पडद्यावर दार उघडलं. नायक कुणाचा तरी हात धरून काही सांगू लागला.

"आवाज वाढव ना जरा," मी म्हणालो. चपला अजून पायातच होत्या.