तीनदा लावलेलं गाणं

वैशालीचा फोन आला तेव्हा मी डाळींच्या बरण्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवत होते. "मावशी, आई गेली... झोपेतच." मी खुर्चीत बसले. 'मसूर' लिहिलेली चिठ्ठी तशीच बोटाला चिकटलेली. ईशा, रोहन, तुमच्या आजीच्या मनात तेव्हा पहिलं काय आलं असेल? कुसुम गेली, हे नव्हे. तिच्या उशाशी असायचा तो लाल स्पीकर आता कोणाकडे जाईल, हे आलं. सहा आठवडे झाले, त्याची लाज अजून गेलेली नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

कुसुमआजी तुम्हाला आठवत असेल. सुट्टीत आलात की मागच्या कुंपणावरून गरम धपाटे द्यायची आणि "खा रे, तुमची आजी मोजून वाढती" म्हणून मला चिडवायची, तीच. ती बिडकीनच्या शेतकऱ्याची मुलगी, सातवी शिकलेली. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी, म्हणून मी तिची 'मॅडम'. चिकलठाण्याला आमची रो-हाऊस एकमेकांना लागून, मधली भिंत एकच. तिचे यजमान दिगंबरराव जवळच्याच कारखान्यात मशीन दुरुस्त करायचे. फार बोलायचे नाहीत. पण दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला कुसुमसाठी निवडक गाणी भरून द्यायचे. आधी कॅसेट, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह. वस्तू बदलली, रीत बदलली नाही. महिनाभर आधी ते व्हरांड्यात वही घेऊन बसत, गाण्यांची नावं लिहीत, खोडत, वरखाली करत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "वहिनी, एका गाण्याची बासरी जिथं थांबती ना, तिथून पुढच्यानं उचललं पाहिजे. नुसती चांगली गाणी काय, कोणीबी देईल." तुम्ही सांगता की तुमचा फोन आपल्याआपणच आवड ओळखतो. दिगंबररावांना ती ओळखायला सारा संसार लागला होता.

वाढदिवसाच्या सकाळी ती भेट ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाजरीच्या पिठाच्या डब्यात खुपसून ठेवत. दरवर्षी तिथंच. आणि दरवर्षी भिंतीपलीकडून कुसुमचा आवाज यायचा, "अगं बाई, पिठात गाणी!" जणू पहिल्यांदाच सापडली. मी अलीकडे चहा गाळत असायचे. चहा कधी कधी गाळणीबाहेर जायचा.

तुमच्या आजोबांना मी एकदा आडून सुचवलं. ते दुसऱ्याच दिवशी एक मेमरी कार्ड घेऊन आले. "पाचशे गाणी! दुकानातून भरून आणली. आपल्याला काही निवडत बसायला नको." त्यात भजनं होती, वरातीची गाणी होती आणि एका साबणाची जाहिरातही होती. मी "छान" म्हणाले आणि कार्डाच्या डबीवर 'गाणी' अशी चिठ्ठी लावली. कुसुमला कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. "पाचशे? आमच्या ह्यांना वीस गाण्याला महिना लागतो. लई मंद माणूस!" ती हे तक्रार म्हणून सांगत होती. तेच जास्त लागलं... सुखाची तक्रार करता येणं, ही केवढी चैन!

चार वर्षांपूर्वी दिगंबररावांनी शेवटचा पेन ड्राइव्ह दिला आणि दोनच महिन्यांनी ते गेले. दिवसकार्य झाल्यावर कुसुम तो पदराच्या गाठीत बांधून माझ्याकडे आली. "खराब झालं तर काय करू? तुला कम्प्युटरमधलं कळतं. एक कॉपी करून दे गं."

दुपारी मी लॅपटॉप उघडला. गाण्यांना क्रमांक होते, नावं मात्र अशुद्ध. ती मी सुधारली. नऊ, दहा, अकरा या क्रमांकांवर एकच गाणं होतं, तीनदा. मी हात थांबवला, कारण ते चुकून झालेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्या भिंतीतून मी कितीतरी वर्षं ऐकत आले होते: ते गाणं संपायचं, स्वयंपाकघरातून कुसुम ओरडायची, "परत लावा!" ते लावायचे. संपलं की पुन्हा, "परत!" या खेपेला त्यांनी तिला "परत" म्हणायचीही तसदी ठेवली नव्हती. मला हे सगळं कळलं... आणि मी त्यातली दोन काढून टाकली. कॉपीतूनच नव्हे, मूळ पेन ड्राइव्हमधूनही.

दुसऱ्या दिवशी पलीकडे गाणं संपलं. मग दुसरंच सुरू झालं आणि लगेच बंद झालं. थोड्या वेळानं कुसुम दारात उभी. "मॅडम, ते गाणं एकदाच वाजतंय गं."

"एकच तीनदा आलं होतं. मी साफ केलं."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "व्हय का... बरं. तुला नीटनेटकं लागतंच." एवढंच. जाताना धपाट्यांचं ताट ओट्यावर ठेवून गेली.

ती दोन गाणी परत घालणं दोन मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही, तिनं मागितलं नाही. चार वर्षं मी भिंतीतून ऐकत राहिले: गाणं संपायचं, खट्... पुन्हा तेच गाणं. संपलं की पुन्हा खट्. रोज, दोनदा.

तेराव्याला वैशालीनं स्पीकर माझ्या हातात ठेवला. "आई म्हणायची, हे मॅडमला द्या. त्यांना सगळी गाणी पाठ आहेत." म्हणजे भिंतीला दोन्हीकडून कान होते. पेन ड्राइव्ह अजून त्यातच खोचलेला आहे. स्पीकरला चार बटणं आहेत. तीन बटणांवरच्या खुणा स्वच्छ दिसतात. मागे जायच्या बटणावरचा बाण मात्र पूर्ण पुसला गेला आहे, नुसतं गुळगुळीत काळं रबर.

परवा मी लॅपटॉप उघडला. आता तरी ती दोन गाणी जागेवर ठेवावीत, असं मनात होतं. पेन ड्राइव्ह काढायला हात लावला आणि बोट त्या बटणावर गेलं. मी लॅपटॉप मिटला. खरं सांगते, त्या क्षणीही मला तिचा हेवाच वाटला. मी जे काढून घेतलं, त्या रिकाम्या जागेतही ती त्यांच्याबरोबरच राहत होती.

आता संध्याकाळी मी तो स्पीकर लावते. तुमचे आजोबा पेपरमागून विचारतात, "तेच गाणं किती वेळा?" गाणं संपतं. पुढच्या गाण्याचा पहिला सूर येईपर्यंत मी भिंतीकडे बघत थांबते. पलीकडून कोणी काही म्हणत नाही. मग बटण दाबते. ते संपलं की आणखी एकदा.