चाचीच्या लॉजमधली एकुलती खाट

नारपोलीच्या यंत्रमाग वस्तीत खदीजाचाचीच्या मागच्या खोलीत लूमवरचे कामगार पाळीनं झोपत. दिवसपाळीवाला उठून कामावर गेला की त्याच खाटेवर रात्रपाळीवाला आडवा. मधे चाची चादर बदलायची, आणि त्याचा तिला कोण अभिमान! सत्याऐंशी साली तिनं पुढची खोली रंगवून घेतली, एकच खाट टाकली आणि दारावर ‘लॉज’ अशी पाटी ठोकली.

सुताचं दुकान चालवणारा तिचा दीर गुलाम हुसेन याचा त्या खोलीवर गोदामासाठी डोळा होता. “भाभी, पहिलं गिऱ्हाईक तीन दिवस टिकलं तर पाटी राहील. नाहीतर मी उतरवणार,” तो म्हणाला.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे इचलकरंजीचे कापडवाले चौगुले, तीन दिवसांच्या मुक्कामाला आलेले. सकाळी चहा घेऊन ते बाजारात गेले. दुपारी डोकं चढलं म्हणून परतले, तर त्यांच्या खाटेवर एक लांबलचक माणूस घोरत होता.

“चाची! हा कोण?”

“इक्बाल. रातपाळीचा हाय. हळू बोला शेठ, आताच डोळा लागलाय.”

“अहो, पण खोली माझी आहे ना?”

“तुमचीच. पण तुम्ही तर बाजारात! खाट काय नुसती बघत बसणार? आणि चादर बदललीय हां. तुमची घडी करून बॅगेवर ठेवलीय.”

“लॉज म्हणजे माणूस नसला तरी खोली त्याचीच!” चौगुले कडाडले आणि बॅग उचलून स्टँडजवळच्या दुसऱ्या लॉजवर गेले. इक्बालनं नुसती कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाम हुसेन हसत हसत शिडी घेऊन हजर. तो वरच्या पायरीवर पोचतो न पोचतो तोच रिक्षातून चौगुले उतरले, अंगभर खाजवत.

“खोली माझी एकट्याची होती, चाची. पण हे तिथल्या ढेकणांना कुणी सांगितलंच नव्हतं! कालचा दिवसही धरा, तीन दिवस पुरे करतो. चादर तुमची, कुलूप माझं. कबूल?”

चाचीनं त्यांची बॅग उचलून आत ठेवली. “कबूल. पण माझा इक्बाल झोपणार कुठं?”

बोलता बोलता तिची नजर शिडीवर गेली.

“गुलाम, तू सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दुकानातच असतोस ना?”

“हो. का?”

“खाली ये. तुझ्या खाटेवरची चादर बदलायचीय.”