उन्हातला तुकडा

आमच्या शेजारचे शास्त्राचे मास्तर दर शनिवारी लोणावळा स्टेशनातून पळत घरी येत. मुंबईहून बर्फात आलेली सुरमई छातीशी, धोतराचा सोगा हातात. कुणी हटकलं तर पळता पळताच ओरडत, "माशाच्या मांसात पाचकरस असतो हो! गारठ्यात तो झोपतो, उन्हात उठतो आणि मासा आतून स्वतःलाच पचवायला लागतो! तव्यावर पडला की रस मेला, आपण जिंकलो!" मग आम्हीही हसत त्यांच्यामागे पळायचो.

पहिला तळलेला तुकडा पलीकडच्या आजीला जाई. तोंडाला पदर लावून ती म्हणे, "लय झ्याक!"

वैशाखात एकदा गाडी घाटात अडकली. बर्फ वितळला, सुरमई लोण्यासारखी मऊ पडली आणि तव्यावर विस्कटली. मास्तरांनी रडवेल्या तोंडानं तोच लगदा आजीला नेऊन दिला. तिनं ताटली चाटूनपुसून साफ केली आणि पदर बाजूला करून बोळकं दाखवलं.

"मास्तर, आज पयल्यांदा तुमचा मासा खाल्ला. आजवरचा समदा मांजरीला घातला. दात कुटं हाईत मला?"

मास्तर इतके हसले की त्यांना उचकी लागली.

पुढच्या शनिवारी ते पळतच आले. पण आजीच्या वाट्याचा कच्चा तुकडा त्यांनी ओट्यावर उन्हात ठेवला आणि छत्रीनं मांजर हाकलत बसले.