एक आवर्तन रम्यासाठी

सवत असती तर तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. माझ्या घरात आलं ते काळं, चपटं, बटणांचं यंत्र. ड्रम मशीन. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. आमचे हे ज्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, त्याच्या मालकानं ते सिंगापूरहून आणवलं आणि कुणालाच चालवता येईना म्हणून ह्यांच्या गळ्यात बांधलं.

हे म्हणजे वेणुगोपाल. यशवंतपूरच्या एका कारखान्यात फिटर. ह्यांच्या आजोबांचा जन्मसुद्धा बेंगळुरातलाच, त्यामुळं मराठीत निम्मं कानडी. मी महानंदा, निपाणीची. लग्न ठरलं तेव्हा वडील म्हणाले होते, मुलगा निर्व्यसनी आहे, फक्त ढोलकी वाजवतो. फक्त! पण ढोलकी होती तोवर माझी तक्रार नव्हती. ती वाजली की घराला कळायचं तरी. ठेका चुकला की मी स्वयंपाकघरातनं ओरडायची आणि हे हसायचे.

मशीन आलं आणि ढोलकी माळ्यावर गेली. कामावरनं आले की चहा घ्यायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि रबरी बटणांवर बोटं आपटत बसायचं. ह्यांना आत अख्खा बँड ऐकू यायचा. मला नुसतं टकटक, टकटक. "अहो, वाढलंय," म्हटलं की बोट वर करायचे. "स्वल्प थांब." मग मी थांबायची आणि आमटी पुन्हा गरम करायची.

काम किचकट होतं, ते मी नाकारत नाही. एकेक आवर्तन बोटांनी मशीनमध्ये भरायचं, मग ती एकापुढं एक जोडून गाणं बांधायचं. इथं मुखडा, इथं अंतरा. एक जागा चुकली की ती काढायची, दुसरी घालायची, परत पहिल्यापासून ऐकायचं. आणि एवढं करून एकदा गाणं सुरू झालं की मशीन कुणासाठी थांबत नाही. गाणाऱ्यानं त्याच्या मागं पळायचं.

गाणारी म्हणजे रम्या. आमच्याच समाजातली, जे. पी. नगरला राहणारी, बँकेत नोकरी. गळा गोड आणि दिसायलाही बरी, जळो मेलं ते. "वेणू अण्णा, वेणू अण्णा" करत सरावाला घरी यायची. अण्णा म्हटलं म्हणून काय झालं?

एका संध्याकाळी हे आंघोळीला गेले आणि मी हेडफोन कानाला लावला. आदल्या दिवशी रम्या जे गाणं म्हणून गेली होती, त्याचाच ठेका भरलेला होता. मला ते पाठ. मी मनात म्हणायला लागले आणि अंतऱ्याच्या आधी अडखळले. तिथं एक आवर्तन जास्त होतं. पुन्हा ऐकलं. जास्तच.

हे टॉवेलनं डोकं पुसत आले तसं विचारलं, "हे इथं वाढीव काय घातलंय?"

"ते होय? तिथं रम्याचा श्वास पुरत नाही. तिच्यासाठी स्वल्प जागा केली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिचा श्वास कुठं पुरत नाही, तेसुद्धा कळतं का तुम्हाला?"

"अगं, दमा आहे तिला."

झालं! मला मेलीला दमासुद्धा नाही. मी ताप अंगावर काढला तरी ह्या माणसाला पत्ता नाही, आणि तिच्या दोन घोट वाऱ्यासाठी मशीनमध्ये जागा! जळत होते मी, सरळ सांगते. नवऱ्याला बाटलीचा नाद असला तर चार माणसांत बोलता येतं. ह्याची तक्रार कुणाकडं करायची?

जानेवारीत आमच्या समाजाच्या सभागृहात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी होऊन सांगितलं, मी गौळण म्हणणार आणि तुमच्या मशीनवरच म्हणणार. सासूबाई आ वासून बघत राहिल्या. हे मात्र खूश. "सरी, सरी, होऊन जाऊ दे!" म्हणाले. माझ्याकडून गौळण म्हणवून घेतली आणि तिचा ठेका मशीनमध्ये भरला. मी काही मागितलं नाही. मला एवढंच बघायचं होतं, न मागता माझ्यासाठी एक आवर्तन ठेवतात का.

सभागृह बायकांनी भरलेलं. पहिल्याच रांगेत रम्या, मोरपंखी साडी नेसून. हे स्टेजच्या कोपऱ्यात मशीन मांडून बसले, मान खाली. लाल दिवा लुकलुकला, ठेका सुरू झाला, मी गायले. चांगली गायले, उगाच खोटं कशाला बोलू? अंतऱ्याची जागा आली आणि ठेका सरळ पुढं. मात्राभरसुद्धा सवड नाही.

मला म्हणता आलं असतं. श्वास होता की भरपूर. पण मी तोंड मिटलं. मशीन आपलं धडधडत पुढं गेलं.

तर ह्या माणसानं काय करावं? मशीनमध्येच डोकं खुपसलं! बटणं दाबून बघतायत, वायर हलवून बघतायत. बायको थांबलीय हे डोक्यातच येईना. मशीनच बिघडलं असणार. बायकांत कुजबुज सुरू झाली. शेवटी मी माइकमध्येच म्हणाले, "अहो, मशीनला काही झालं नाही. इकडं बघा!"

सगळं सभागृह हसलं. ह्यांनी मान वर केली. माझे डोळे भरून आले होते, ते दिसले त्यांना.

"दम लागला का गं?"

"नाही. तुम्ही थांबताय का बघत होते."

ह्यांनी मशीन बंद केलं. शेजारची लाकडी खुर्ची पुढं ओढली आणि तिच्यावर बोटांनी ठेका धरला. तीच टकटक, पण आज ती मलाही ऐकू येत होती, सगळी. मी ओळ लांबवली, हे रेंगाळले. मी घाई केली, हे धावले. मग अंतऱ्याच्या आधी मी मुद्दाम श्वास घेतला, गरज नसताना, चांगला लांबलचक. हे बोटं हवेत धरून माझ्या तोंडाकडं बघत बसले.

गौळण संपवून खाली उतरले तर रम्या समोर. हसत होती, पण ते हसू नुसतं ओठांवर. माझ्याकडं न बघता ह्यांना म्हणाली, "वेणू अण्णा, माझ्यासाठी कधी असं हातानं नाही वाजवलंत."

हे मशीनची वायर गुंडाळायला लागले. उत्तर मी दिलं. तिळगुळाचं ताट उचललं, "घे गं, गोड बोल," म्हणाले आणि तिच्या ओंजळीत तिळगूळ घातला. स्वल्प जास्तच घातला.