चंद्रीची गोष्ट आणि आमची कपाशी

बाया वावरात तण काढायला, निंदायला बसल्या की किस्से आपोआप साठत जातात. एक कुणाला सांगून मोकळं व्हावं, तर तोवर दोन नवे घडलेले असतात. माझ्याजवळ आता इतके झालेत की पोटात मावत नाहीत!

आमचं वावर धामणगाव बढ्याच्या शिवारात. कपाशी आणि मधून मधून तूर. निंदायला येणाऱ्या बायांमध्ये एक वच्छलाबाई आहे. सगळ्या तिला वच्छी मावशी म्हणतात. ती निंदताना गोष्ट सांगते. एकच गोष्ट, चंद्री नावाच्या सुनेची, आणि ती कितीतरी वर्षांपासून चालू आहे! पुस्तकातली नाही, सिरीयलमधली नाही, मावशीच्या डोक्यातली.

तिचा नियम एकच. हात चालला तर तोंड चालेल. प्रत्येकीच्या वाट्याला जी ओळ येते तिला आम्ही पात म्हणतो. पात पलीकडच्या बांधाला, धुऱ्याला लागली की गोष्ट थांबते. आणि मावशी ती नेमकी अशा जागी थांबवते की बाया पाणीसुद्धा न पिता दुसरी पात धरतात.

आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मात्र तणनाशकाचा सोस. "पंप मारला की दोन दिवसांत वावर साफ. हे बायायचं कीर्तन कायले पाह्यजे?" असं दर हंगामाला ऐकावं लागे. शेवटी आमच्यात ठरलं, की ज्या दिवशी निंदणीला खाडा पडेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी फवारावं. फवारणी झाली की निंदण गेलं, आणि निंदण गेलं की चंद्रीही गेली.

मावशीला हे सांगितलं तेव्हा तिनं पदर खोचला. "मंग खाडाच पडू देत नाई!"

*

एकदा गोष्ट अशी रंगली होती की चंद्री चोरून लाडू खाते आहे, आणि सासूनं तिला खिडकीतून पाहिलं.  तेवढ्यात सिंधूचं खुरपं थांबलं. सिंधू म्हणजे आमच्यातली सगळ्यात चौकस.

"कोन्या डोयानं पाह्यलं वं मावशी?"

"कोन्या म्हंजे?"

"सासूले तं डाव्या डोयानं दिसत नाई. अन् खिडकी डाव्या अंगाले हाये. तूच सांगतलं होतं!"

सगळ्या पाती थांबल्या. मावशीनं मान वर केली नाही.

"तिचं ऑपरेशन झालं."

"कवा?"

"काल. तुमी घरी गेल्यावर!"

*

मावशीनं एकदा चंद्रीचा आजेसासरा मारला. आबाजी. फार गोड म्हातारा होता, नातसुनेची बाजू घ्यायचा. बाया डोळे पुसत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी रुखमाबाई आलीच नाही. निरोप आला, "सुतक हाये." मी घाबरून तिच्या घरी गेले. तर सगळी माणसं जागेवर, म्हातारी अंगणात दात घासते आहे.

"रुखमाबाई, कोण गेलं वं?"

"असं काय करता वहिनी? आबाजी गेले नं! काल दुपारी. तुमच्याच वावरात."

तिचं बघून आणखी दोघी जणी घरी बसायच्या बेतात होत्या. खाडा पडणार! मी मावशीला तशीच धरून रुखमाबाईच्या दारात घेऊन गेले. मावशी उंबऱ्यावर टेकली आणि हळू आवाजात म्हणाली, "रुखमे, जीव जाता जाता आबाजी काय बोलले, ते सांगाचं राहून गेलं. म्हने, माह्यासाठी कोनी काम बंद ठेवू नोका."

रुखमाबाईनं डोळे पुसले आणि खुरपं उचललं. "मोठ्या मनाचा मानूस होता!"

*

मावशीला ताप आला तेव्हा तिनं घरून फोनवर गोष्ट सांगितली. सिंधूनं मोबाईल स्पीकरवर टाकून कमरेला खोचला होता. अर्ध्या पातीत नेटवर्क गेलं. बाया उठायला लागल्या, तशी सिंधू म्हणाली, "बसा वं, मी सांगतो!"

सिंधूनं एका पातीत चंद्रीला जुळी पोरं दिली, दोन मजली घर बांधून दिलं आणि सासूला काशीला पाठवून दिलं. बाया खूश!

दुसऱ्या दिवशी मावशी स्वेटर घालून हजर. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते आपली चंद्री नोय. नाव सारखं, गाव येगळं."

सिंधू दिवसभर घुश्शात. संध्याकाळी जाताना मला विचारते, "वहिनी, मंग माह्या चंद्रीचे जुळे आता कोन सांभाळीन?"

*

माझी पुतणी सुट्टीत आली होती. ती म्हणाली, "काकू, हे रेकॉर्ड करून ठेवू. मावशी नसल्या तरी खाडा पडणार नाही." मला पटलं. तिनं दोन दिवस मावशीच्या घरी मोबाईल धरून पुढची गोष्ट भरून घेतली.

मग एक दिवस लावून पाहिलं. बाया पात निंदत धुऱ्याला पोचल्या, पण मोबाईल काही थांबेना! बोलतोच आहे! बाया तिथंच बसल्या. खुरपी खाली, हनुवटीला हात. दुपार तशीच गेली.

मी मावशीकडे पाहिलं. म्हटलं, ही तरी उठवेल सगळ्यांना. मावशी तोंडाचा आ करून सगळ्यांच्या पुढे बसली होती. मोबाईल बंद केला तर माझ्यावरच ओरडली, "काऊन बंद केला वहिनी? पुढं काय झालं?"

*

मी दहावीपर्यंत शिकले. मला वाटायचं, गोष्ट रचणाऱ्यांना सारखं काहीतरी सुचतच असतं. मावशीला रोज सुचत नाही, हे मला तिच्या शेजारी पात धरून कळलं. ज्या दिवशी काही सुचत नाही, त्या दिवशी चंद्री भाकरी करते. पीठ मळते, थापते, तव्यावर टाकते, पालटते. पण मावशी येते आणि चंद्री चुलीपुढे बसते. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

एकदा मात्र सकाळपासून दुपारपर्यंत नुसत्या भाकरीच चालल्या होत्या. रुखमाबाई कंटाळली. "मावशी, टोपलं भरलं असन नं वं आता? खाईन कोन एवढ्या?"

"पाव्हणे येऊन राह्यले!" मावशी म्हणाली.

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी चंद्रीकडे अख्खी वरात आली!

*

मागच्या हंगामात शेवटी खाडा पडलाच. गावात लग्न होतं, सगळ्या बाया तिकडे.  दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मालकांनी पंप भरला.

बाया तरीही आल्या आणि पातीला बसल्या. मीही बसले. कुणी कुणाकडे बघेना. मावशीनं मात्र नेहमीसारखं तोंड उघडलं. 

त्या दिवशी चंद्रीला सासूनं पहिल्यांदाच माहेरी जायची परवानगी दिली होती. एकाच दिवसाची. संध्याकाळी परत यायचं, नाहीतर पुन्हा माहेराचं नाव काढायचं नाही. माहेर वरवट बकालला. चंद्री नवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन, सकाळच्या गाडीसाठी फाट्यावर उभी. तिकडे माय दारात वाट बघते आहे.

मालक धुऱ्यावर आले. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल. उभे राहिले.  मावशी बोलतच होती. गाडी आता येईन, मंग येईन. चंद्री रस्त्याकडे पाहून राह्यली. ऊन चढून राह्यलं.

"अवो, थांबा!" मालक एकदम ओरडले.

सगळी खुरपी थांबली. त्यांनी तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

"आज रविवार हाये! रविवारी ते गाडी नसते! कवापासून उभी हाये ते बिचारी?"

 मावशीनं खुरप्याची माती झटकली.

"मंग आता कसं कराचं भाऊ? तिले तं संध्याकायपर्यंत वापस या लागते."

मालकांनी रस्त्याकडे पाहिलं. पाठीवरच्या पंपाचा पट्टा सोडला.

"मी हे घरी ठेवून मोटरसायकल घेऊन येतो. तवलोक तिले म्हना, फाट्यावर सावलीत उभी राह्य!"