कौलावरचं पाऊल

भूतबाधा, संकेत, पूर्वजन्म... असल्या गोष्टींवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. लातूरला आमच्या गल्लीत असे किस्से रंगवून सांगणारे खूप होते, मी सरळ उठून जायचो. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. तरी लिहितो.

मी चाकण एमआयडीसीत, निघोजेच्या बाजूला एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करतो. गाड्यांच्या पार्टचे नमुने थ्रीडी प्रिंटरवर काढून देणं, हा आमचा धंदा. गेल्या वर्षी एक वेगळंच काम आलं. रोममध्ये उत्तर युरोपातल्या एका देशाने चालवलेली इतिहास आणि पुरातत्त्वाची संशोधन संस्था आहे. त्यांचं प्रदर्शन आपल्याकडच्या शाळांमध्ये फिरणार होतं. खऱ्या वस्तू हलवता येत नाहीत, म्हणून ते तिथून स्कॅन पाठवणार आणि आम्ही इथे प्रतिकृती काढणार.

पहिलीच फाइल एका रोमन कौलाची. माती ओली असताना त्यावर एका लहान मुलाचा पाय पडून घसरला होता, टाचेमागे लांब ओरखडा उमटला होता. कौल तसंच भाजलं गेलं. संस्थेतल्या इंग्रिडबाईंनी हे मेलमध्ये नीट समजावलं होतं.

प्रिंट निघाला तेव्हा आमचे ऑपरेटर सलीमभाई म्हणाले, "राव, या पोराची दोन बोटं चिकटलेली दिसतायत."

मी वाकून बघितलं. डावा पाय, अंगठ्याशेजारची दोन बोटं अर्ध्यापर्यंत जोडलेली... माझ्या चार वर्षांच्या मुलीचा, स्वराचा, डावा पाय जन्मापासून तसाच आहे.

योगायोग म्हटलं. गंमत म्हणून घरी दाखवायला नेला. माझ्या बायकोने, सुजाताने, स्वराचा पाय उचलून त्यात ठेवला. जराही फट नव्हती.

"तुम्ही हिच्या पायाचा साचा घेतलाय का?"

"नाही गं. रोमहून फाइल आलीये."

"मग हे घरात नको. आत्ता परत ठेवून या."

मी इंग्रिडबाईंना फोटो पाठवला. उत्तरात मूळ कौलाचा फोटो आला — पाचही बोटं सुटी. फाइल पुन्हा उघडली, तर स्क्रीनवरही सुटीच. सलीमभाईंनी दुसरा प्रिंट काढला. त्यातही बोटं सुटीच. पहिला मात्र टेबलावर होता, जोडलेल्या बोटांचा.

"मशीन कधी कधी थर चिकटवतं," सलीमभाई म्हणाले. पण बोलताना माझ्याकडे बघत नव्हते.

त्यानंतर माझं कामात लक्षच लागेना. सारखा घरी फोन करायचो. एरवी सुजाता वैतागली असती, पण ती स्वतःच स्वराला नजरेआड होऊ देत नव्हती.

आणि तरीही एका रविवारी दुपारी स्वरा दिसेनाशी झाली. मोशीला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलं खेळत होती. सुजाता पाण्याची बाटली आणायला वर गेली, खाली आली तर स्वरा नाही. आम्ही जिने पाहिले, गच्ची पाहिली. पाण्याच्या टाकीचं झाकण उचलून आत पाहिलं. वॉचमन म्हणत होता, गेटमधून कोणी लहान मूल गेलं नाही. मग मागच्या पत्र्याच्या कुंपणात फट दिसली. पलीकडे नवीन बिल्डिंगचं काम चालू होतं.

तिथे एक मिस्त्री ओलं काँक्रीट थापीने सारखं करत बसला होता.

"चार वर्षांची मुलगी आली का हो इकडं?"

"न्हाई बा, आमी आत्ताच जेवून आलो," तो म्हणाला. त्याची थापी चालूच होती. आणि थापीच्या पुढे, वीतभर अंतरावर, मला ते दिसलं.

"थांबा. हात लावू नका."

छोटं डावं पाऊल. दोन बोटं जोडलेली. टाचेमागे लांब ओरखडा. बोटांच्या पुढे काँक्रीट संपत होतं, आणि तिथे लिफ्टसाठी खणलेला खड्डा होता.

स्वरा तळाशी वाळूवर बसली होती. हात मोडला होता. भीतीने तिचा आवाजच फुटत नव्हता, म्हणून कोणाला कळलं नव्हतं. तिच्या शेजारी उभ्या सळ्या होत्या... त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

मिस्त्रीने तेवढा तुकडा तसाच सुकू दिला. नंतर मी पहिला प्रिंट नेऊन शेजारी ठेवला. बोटं, टाच, ओरखड्याचं वळण, सगळं एकच. बोटांचं एक वेळ सोडून देऊ, मशीनची चूक म्हणू. पण हा ओरखडा तर मूळ कौलावरही होता. दोन मुलं इतक्या शतकांच्या अंतराने तंतोतंत सारखी कशी घसरतात?

इंग्रिडबाईंना व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. मी विचारलं, त्या रोमन मुलाचं पुढे काय झालं असेल?

"आमच्याकडे फक्त कौल आहे," त्या म्हणाल्या.

स्वराला मांडीवर घेऊन बसलेली सुजाता हळूच म्हणाली, "त्यांना विचारा, त्याला शोधायला कोणी आलं होतं का?"

मी ते इंग्रजीत विचारलं. "ते कौलावरून कळत नाही," इंग्रिडबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या मुलीला जरा कॅमेऱ्यासमोर आणाल का?"

स्वराने त्यांना प्लास्टर घातलेला हात दाखवला. त्या नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या.