सातव्या नंबरचं बॉयलरघर

नगरपालिकेच्या वीज विभागात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. ठेवणाऱ्याने ते नाव चेष्टेने ठेवलं होतं, पण ते असं चिकटलं की पुढे साहेबसुद्धा फोनवर "मोजणीबाईंना पाठवा" म्हणू लागले. कुठल्या रस्त्यावर दिवे किती, कुठल्या शाळेत सुट्टीच्या दिवशीही पंखे फिरत राहतात, हे तिला तोंडपाठ. नाकासमोर चालणारी बाई. बेरीज जुळली नाही तर तिला घास गोड लागायचा नाही.

हे वळण लावलं होतं दादाने. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा ती नऊ वर्षांची आणि दादा एकोणीसचा. तो नगरपालिकेच्या इस्पितळात बॉयलरवर लागला. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याला लागून ते बॉयलरघर होतं. तिथली वाफ कपडे धुण्याच्या मोठ्या यंत्रांना जायची, स्वयंपाकघराला जायची आणि थंडीत वॉर्डांमधल्या नळ्यांना. शाळा सुटली की ती तिथेच येऊन एका उलट्या बादलीवर बसायची. दादा फावड्याने कोळसा आत लोटायचा, दाबाच्या काट्याकडे बघायचा आणि तिला आकडा विचारायचा. ती अंदाजाने काही सांगू लागली की म्हणायचा, "काटा दाखवतो ते सांग. तुला आवडतं ते नको." त्या भट्टीच्या पगारावर तिचं शिक्षण झालं. ती नोकरीला लागली, मगच दादाने लग्नाचा विचार केला. वहिनी आल्या आणि त्यांनीही तिला नणंद म्हणून कमी, लेक म्हणून जास्त वागवलं.

ती सत्तेचाळीस वर्षांची असताना शहराने एका करारावर सही केली. असा करार जगभरातल्या पुष्कळ शहरांनी केला होता. दहा वर्षांत शहराचा धूर दोन-पंचमांशाने कमी करायचा, वीज आणि उष्णता जमेल तितकी उन्हावाऱ्यातून घ्यायची आणि दर दोन वर्षांनी काय केलं ते सगळ्यांसमोर मांडायचं. महापौरांनी टाळ्यांच्या गजरात सही केली. पण किती कमी केलं हे सांगायचं तर आधी किती जळतंय ते कळायला हवं. सही महापौरांची आणि पायपीट मोजणीबाईची, असं कचेरीत सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं.

दीड वर्ष ती हिंडली. शाळा, दवाखाने, कचऱ्याच्या गाड्या, पोहण्याचा तलाव, पाणीपुरवठ्याचे पंप. प्रत्येक ठिकाणी काय जळतं ते लिहायचं आणि सर्वांत जास्त धूर करणाऱ्यापासून क्रम लावायचा. पहिली पाच ठिकाणं दोन वर्षांत बदलायची, बाकीच्यांना पाच वर्षांनंतरच हात लावायचा, असं ठरलं होतं. कागदपत्रांवरून इस्पितळाचं बॉयलरघर सातवं येत होतं. दादाच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. तिने बोटांवर हिशेब केला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पण कोळशाचा तो आकडा तिला टोचत राहिला. लहानपणापासून तिने तो ढीग पाहिला होता. कागदावरच्या कोळशात तो बॉयलर आठवडाभर चालणं शक्य नव्हतं. शेवटी एका दुपारी ती वही घेऊन दादाकडे गेली.

बहीण सरकारी कामासाठी आली म्हणून दादा केवढा खूश झाला. हात पुसून त्याने तिच्यासाठी खुर्ची मागवली. कागदावरचा आकडा ऐकून तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. हा तर निम्माच आहे, असं म्हणाला. कमी पडतो तेव्हा पाणीपुरवठ्याच्या आवारातून कोळसा येतो आणि तो त्यांच्या नावावर पडतो, हे त्याने समजावून सांगितलं आणि स्वतःची वही काढून दिली. अडतीस वर्षांत आलेली प्रत्येक हातगाडी त्यात होती. निघताना त्याने विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, "शहराच्या आराखड्यासाठी." यादीचं आणि बॉयलर बदलण्याचं तिने सांगितलं नाही.

तीन दिवस यादीत तिने कागदावरचाच आकडा ठेवला. साहेबांना आडून विचारलं, तर ते म्हणाले, कागदाला धरून राहा, कोण बघायला येतंय. तिला हवं होतं ते उत्तर आयतं मिळालं होतं. दादाला सांगून त्याच्यावर ओझं टाकण्यात काय अर्थ, अशी तिने स्वतःची समजूत घातली. आणि चौथ्या दिवशी खरा आकडा लिहिला. बॉयलरघर सातव्यावरून तिसऱ्यावर आलं.

यादी इस्पितळाच्या फलकावर लागली. दादाने ती जेवणाच्या सुट्टीत, हातात डबा घेऊन उभ्या उभ्या वाचली. तिला हे धोबीखान्यातल्या एका बाईकडून कळलं. संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली तेव्हा तो खुर्चीच्या सुटलेल्या पायाला खिळा ठोकत होता. बराच वेळ तो ठोकतच राहिला.

मग म्हणाला, "कशासाठी ते आधी सांगितलं असतंस, तरी मी तोच आकडा दिला असता."

"ठाऊक आहे, दादा."

"ठाऊक होतं, तर सांगायचं होतंस."

एवढंच. आवाज चढला नाही. वहिनींनी पाणी आणून ठेवलं आणि त्या आत गेल्या.

बॉयलर एका दिवसात बंद करता येत नाही. आग विझू द्यायची, दाब हळूहळू उतरू द्यायचा, पत्रे सावकाश निवू द्यायचे, नाहीतर चिरतात. पहिल्या दिवशी अधिकारी आले, फोटो काढून गेले. दादा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथेच होता. मधून मधून पत्र्यावर तळवा ठेवून बघायचा. पूर्ण गार झाल्यावर त्याने हात धुतले आणि घरी गेला.

गच्चीवर उन्हावर पाणी तापवणाऱ्या नळ्या बसल्या, खाली विजेवर चालणारे उष्णतेचे पंप आले. शेजारच्या गल्लीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे ठिपके पडेनासे झाले. मुलांच्या वॉर्डाच्या खिडक्या कितीतरी वर्षांनी उघडल्या. धोबीखान्यातल्या बायकांचा खोकला कमी झाला. दादानेच हे तिला सांगितलं, आणि चांगलं झालं असंही म्हणाला. त्याचा स्वतःचा खोकला मात्र हटला नाही.

बदलामुळे एकाचीही नोकरी जाणार नाही, हे वाक्य आराखड्यात तिनेच घातलं होतं. नोकरी गेली नाहीच. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि दादाला गच्चीवरच्या नळ्यांची देखभाल मिळाली. चार मजले. दुसऱ्या आठवड्यात तो दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसला आणि उठेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून दाखवला. छातीत धूळच धूळ. ते म्हणाले, हे बॉयलरचं काम आहे, तो दहा वर्षं आधीच बंद व्हायला हवा होता. मोजणीबाईने ते ऐकलं. म्हणजे आपलं बरोबर होतं, असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. तिने फोटो पाकिटात घालून घेतला.

दादाची बदली फाटकावर झाली. येणाऱ्या गाड्यांना चिठ्ठ्या द्यायच्या, जाताना परत घ्यायच्या. खाली पंपांच्या पॅनेलपाशी त्याला बसू द्या, त्याला काटे कळतात, असा अर्ज तिने तीनदा केला. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, आराखड्यात असं पद नाही. आराखडा तिच्याच हातचा. कोळसा, राख, धूर, दिवे, सगळं मोजलं होतं तिने. त्या सगळ्या ठिकाणी काम करणारी माणसं कुठल्याच रकान्यात नव्हती.

चौदा महिन्यांनी तो त्याच इस्पितळात दाखल झाला. शेवटच्या दिवसांत बोलणं जवळजवळ थांबलं होतं. एकदा भिंतीवरच्या नळीकडे बोट करून त्याने विचारलं, "पाणी वेळेवर गरम येतं का गं?"

"येतं, दादा."

"मग ठीक," म्हणाला आणि डोळे मिटून पडून राहिला. त्यानंतर दोन दिवसांनी तो गेला.

महिन्याभराने वहिनी तिला म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात त्यांना धुराने मारलं. मी कोण खोटं म्हणणार? पण बॉयलर होता तोवर ते खोकत का होईना कामाला जायचे. फाटकावर नुसतेच खोकत बसले." वहिनी तिच्याशी बोलल्या ते शेवटचं.

त्याच वर्षी शहराचा दुसरा अहवाल गेला. आकडे प्रामाणिक आहेत म्हणून शहराचं कौतुक झालं, कचेरीत प्रमाणपत्राची चौकट लागली. साहेबांनी तिला मंचावर बोलावलं होतं. तिने रजा टाकली.

पुढच्या यादीसाठी नवे तक्ते छापायचे होते. तिने त्यात दोन रकाने वाढवून मागितले. इथे कोण काम करतं, आणि त्यांना आधी सांगितलं का? साहेब म्हणाले, वरून आलेल्या नमुन्यात असं काही नाही. ती म्हणाली, मग मी मोजायला जाणार नाही. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. साहेबांनी चार दिवस तोंड फिरवलं आणि पाचव्या दिवशी रकाने छापून आले.

पाणीपुरवठ्याच्या जुन्या पंपघरात डिझेलची यंत्रं होती. तिथल्या म्हाताऱ्या पंपवाल्यासमोर ती बसली. वही न उघडता आधी सगळं सांगितलं. आकडा मोठा निघाला तर यंत्रं जातील, तुम्हाला दुसरीकडे टाकतील, कुठे ते मला ठाऊक नाही. त्याने ऐकून घेतलं आणि हात जोडून तिला परत पाठवलं. त्या ओळीत तिने "दिला नाही" एवढंच लिहिलं. साहेब चिडले. तीन आठवड्यांनी पंपवाल्याने आपण होऊन निरोप धाडला. आकडा दिला, आणि नव्या पंपांच्या खोलीत स्वतःला जागा मिळावी असं तिच्याकडून लिहून घेतलं. ती जागा त्याला मिळालीही.

हे वहिनींना सांगावं असं तिच्या फार मनात होतं. दर रविवारी ती जाते. वहिनी दार उघडतात, खुर्ची पुढे करतात, चहा ठेवतात. पंपवाल्याची गोष्ट तिने त्यांना सांगितली तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. पूर्ण ऐकून घेतली त्यांनी. मग निवडलेली भाजी घेऊन आत गेल्या, आणि आतून नळाचा आवाज येत राहिला.